चित्रात नसलेले तुपे सर

रस्त्यात वाढदिवसाचा फ्लेक्स दिसला की शहाणी माणसं मान फिरवतात. तुपे सर स्कूटर फिरवतात.

मग मागचा रिक्षावाला कितीही शिव्या घालो, क्रांती चौकातला सिग्नल हिरवा होऊन पुन्हा लाल होवो, सर स्कूटर स्टँडवर लावतात, चष्मा कपाळावर ढकलतात आणि फ्लेक्सवरची तोंडं मोजायला लागतात. मधोमध हात जोडलेले साहेब. वर गोल चौकटींत साहेबांचे साहेब. खाली 'शुभेच्छुक' म्हणून ओळीनं बसवलेली तीस-चाळीस पोरं, निम्म्यांच्या डोळ्यांवर गॉगल. सर एकेकाचं नाव वहीत उतरवून घेतात, मोबाईलवर फोटो काढतात आणि हात लांब करून हवेतच वितीनं माप घेतात. कुणाचा फोटो गेल्या खेपेपेक्षा बोटभर लहान झाला, कोण साहेबांच्या उजव्या अंगाहून डावीकडे सरकला, कोण गायबच झाला, ह्या सगळ्याची त्यांच्याकडं नोंद असते. साहेबांनी आपल्याला बारीक केलंय हे त्या पोराला कळायच्या आधी तुपे सरांना कळलेलं असतं.

हे वाचून गृहस्थ रिकामटेकडे आहेत असं तुम्हाला वाटेल. तसं नाही. ह्याचा त्यांना पगार मिळतो. डॉ. रंगनाथ तुपे आमच्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतात आणि राजकारणातली नातीगोती संगणकावर मोजणं हा त्यांच्या संशोधनाचा विषय आहे. ह्या विषयाला इंग्रजीत भलंमोठं नाव आहे. ते त्यांनी पहिल्या भेटीत मला दोनदा सांगितलं आणि माझा चेहरा पाहून तिसऱ्यांदा मराठीत समजावलं, "सोपं आहे, जोशी मॅडम. माणूस म्हणजे ठिपका. संबंध म्हणजे रेघ. बाकी सगळं कीर्तन."

'बाकी सगळं कीर्तन' हे त्यांचं पालुपद. विचारधारा, निष्ठा, तळमळ, जाहीरनामा ही सगळी कीर्तनं. मी मराठी शिकवते, म्हणजे माझा अख्खा विषयच कीर्तनात जमा. माझ्या विभागात मी एकटी, त्यांच्या विभागात ते एकटे, म्हणून प्राचार्यांनी आम्हा दोघांना एकाच खोलीत घातलं आणि सभ्यता म्हणून मध्ये एक लोखंडी कपाट उभं केलं. त्याला आता सहा वर्षं झाली. कपाटाच्या पलीकडून दिवसभर ठिपके आणि रेघा ऐकून माझ्या डोळ्यांपुढं रांगोळी येते.

एकदा टीव्ही सेंटरच्या चौकात त्यांना चार-पाच कार्यकर्त्यांनी घेरलं. माझ्यासमोरची गोष्ट आहे, मी मेथी घेत होते.

"ओ काका, कायकू फोटो काढायलेत?"

त्यांना वाटलं हा माणूस अतिक्रमणवाला. एक जण लगेच चहा आणायला पळाला. दुसरा अजिजीनं म्हणाला, "साहेब, आजचा दिस ऱ्हाऊ द्या, उद्या उतरवतो."

"उतरवू नका!" सर कळवळून म्हणाले. "निदान दोन महिने राहू द्या. मला तुलना करायचीय."

आता पोरं खरी घाबरली. त्यांच्यातल्या म्होरक्यानं आवाज खाली आणून विचारलं, "तुम्ही हायेत तरी कोणाकडून?"

"मी कोणाकडूनच नाही."

असं सांगणारा माणूस त्या पोरांनी आयुष्यात पाहिला नव्हता. त्यांनी चहा परत पाठवला आणि सरांना लांबपर्यंत पोचवून आले.

लग्नसराईत तर सरांच्या अंगात येतं. आमंत्रण असो नसो, ज्या लग्नाला पुढारी येणार त्या लग्नाला सर जाणार. आमच्याकडं मंगलाष्टकांआधी तासभर सत्कार चालतात हे तुम्हाला माहीत असेलच. नवरदेव-नवरी घामाघूम होऊन उभे, आणि माईकवर आपलं चालू की अमुक साहेबांचं आगमन झालेलं आहे, त्यांनी कृपया पुढच्या सोफ्यावर स्थानापन्न व्हावं. पाहुणे ह्या वेळी मनातल्या मनात यजमानाचा उद्धार करत असतात. सर साउंडबॉक्सशेजारी खुर्ची ओढून लिहीत असतात. पहिला फेटा कोणाला, शाल कोणाला, नुसताच नारळ कोणाला, सोफ्यावर कोण कोणाला खेटून बसलं, कोण आल्यावर कोण उठलं. नवरीचं नाव विचारलं तर सांगता यायचं नाही. एकदा वधूपित्यानं त्यांना कॅटररचा माणूस समजून जिलेबी संपल्याचं सांगितलं. सरांनी तेही लिहून घेतलं.

ह्या असल्या माहितीवर त्यांचे निबंध बाहेरदेशी छापून येतात, हे मला मत्सरानं का होईना, सांगितलं पाहिजे. मागं एका ऑनलाइन परिषदेत त्यांनी आपलं चित्र दाखवलं. पलीकडच्या एका गोऱ्या विद्वानानं शंका काढली की ह्यात एकच माणूस तीन विरोधी गटांच्या फलकांवर दिसतो, तेव्हा तुमच्या माहितीत काहीतरी घोटाळा आहे. सरांनी त्याला अर्धा तास समजावलं. माहिती बरोबर होती, माणूसच तसा होता.

एवढ्यावर राहिले असते तर ठीक होतं. पण एका दिवाळीच्या सुट्टीआधी सरांनी आमच्या स्टाफरूमचंच चित्र काढलं. कोण कोणाबरोबर चहा पितं ह्यावरून. आणि काढलं ते काढलं, नोटीस बोर्डावर लावलं. सगळ्या रेघा जाऊन मिळत होत्या त्या आमच्या शिपायाच्या, रफिकमामूंच्या ठिपक्याला. प्राचार्य पार कोपऱ्यात, त्यांना एकच रेघ, तीही अकाउंटंटकडून. दुपारपर्यंत सरांना मेमो आला. त्यांनी उत्तरादाखल चित्राची सुधारित प्रत जोडली. सुधारित प्रतीत अकाउंटंटचीही रेघ गेली होती, कारण त्यांनी दरम्यान चहा सोडला होता.

सगळ्यात जास्त हाल रफिकमामूंचे झाले. ते रडकुंडीला येऊन म्हणाले, "सरजी, मेरेकू बीच में कायकू डाले? साहब मेरी छुट्टी बंद करेंगे!"

मी आपला ठिपका शोधला. तो खाली एका कडेला होता आणि त्याला एकही रेघ नव्हती.

"सर, मी रोज दोनदा चहा पिते. तुमच्याबरोबर पिते."

"ते धरत नाहीत, मॅडम."

"का?"

"निरीक्षक चित्रात नसतो. शास्त्राचा नियम आहे." आणि वर माझ्याकडं पाहून हळहळले, "तुमचा ठिपका फार एकटा पडलाय पण."

सहा वर्षं मी ह्या माणसाला माझ्या डब्यातल्या शेंगदाण्याच्या चटणीसकट चहा पाजते आहे आणि शास्त्रात त्याची नोंद नाही. मी आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाही. हेही त्यांच्या लक्षात आलं नाही, कारण ते स्वतः बोलतच होते.

आता त्यांच्या लेकीच्या लग्नाकडं येते.

ऋतुजा सरांची एकुलती एक मुलगी. दातांची डॉक्टर आहे, आणि बापाला तोंड बंद ठेवायला लावू शकणारी घरातली एकमेव व्यक्ती. तिचं लग्न वाळूजच्या एका कंपनीतल्या इंजिनिअरशी ठरलं आणि पत्रिका छापायची वेळ आली. आमच्या भागातली लग्नपत्रिका म्हणजे काय चीज असते हे परक्याला सांगून कळायचं नाही. वर-वधूची नावं कोपऱ्यात मावतील तेवढी, बाकी सगळी जागा निमंत्रकांना. आजे, चुलते, चुलत चुलते, मामे, मावसे, समस्त भाऊकी. कुणाचं नाव वर, कुणाचं खाली, ह्यावरून पुढची दहा वर्षं कोण कुणाच्या मयतीला येणार हे ठरतं. एरवी घरातली जुनी माणसं चार दिवस बसून, भांडून, रुसून ही यादी लावतात.

तुपे सरांनी ती संगणकाला लावायला सांगितली.

त्यांनी सगळ्या नातेवाईकांचे ठिपके मांडले. कोणाच्या अडीअडचणीला कोण धावलं, कोणाची सोयरीक कोणी जुळवली, दवाखान्यात रात्र कोणी काढली, अशा रेघा ओढल्या. मग ज्याच्याशी सगळ्यात जास्त रेघा जुळतात त्याचं नाव सगळ्यात वर. "भांडणच नको, मॅडम. मशीनला भाऊकी नाही." मशीननं यादी काढली. सगळ्यात वर नाव आलं विठ्ठल तुपे.

सर म्हणाले, मशीन चुकलं. पुन्हा चालवलं. पुन्हा विठ्ठल तुपे. मग त्यांनी दवाखान्याच्या रेघांचं वजन कमी केलं, सोयरिकीच्या रेघांचं वाढवलं. विठ्ठल तुपे हलेनात.

विठ्ठल तुपे, म्हणजे नाना, हे सरांचे सख्खे थोरले भाऊ. दोघांचं बोलणं नऊ वर्षं बंद होतं. मला सहा वर्षांत ह्या माणसाला भाऊ आहे हेच माहीत नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यातल्या पुढाऱ्यांचे साडू आणि मेहुणे मला कपाटापलीकडून पाठ झाले होते, पण हा भाऊ कधी ऐकू आला नव्हता.

मला ते सांगितलं शोभावहिनींनी, सरांच्या बायकोनं. फुलंब्रीच्या पुढं ह्यांचं गाव. आई-बाप लवकर गेले, तेव्हा सर नऊ वर्षांचे आणि नाना एकवीसचे. नानांनी शेती सांभाळली आणि धाकट्याला शिकवलं. अकरावीपासून सर शहरात शिकायला यायचे, तर नाना रोज पहाटे सायकलवर डबलसीट बसवून त्यांना फुलंब्रीच्या स्टँडवर आणून सोडायचे, कारण रंग्याला एकट्याला अंधारात भ्या वाटायचं. नऊ वर्षांपूर्वी नाना सरपंचपदाला उभे राहिले. सर तेव्हा तासिका तत्त्वावर शिकवत होते आणि पीएचडी करत होते. प्रबंधासाठी त्यांनी आपलंच गाव निवडलं होतं. कोण कोणाच्या ओट्यावर बसतं, कोण कोणाच्या पूजेला जातं, सगळ्या गावाचं चित्र तयार होतं. एका स्थानिक पेपरच्या वार्ताहरानं विचारलं, निकाल काय लागेल? सरांनी चित्र पाहिलं आणि सांगितलं, विठ्ठल तुपे पडणार.

मतदानाच्या चार दिवस आधी ते छापून आलं. चित्रासकट.

गावातली जी मंडळी कुंपणावर होती ती म्हणाली, सख्खा भाऊच सांगतो, आणि तो तर पीएचडीवाला. पडणाऱ्याला मत घालून वाया कोण घालवतं? नाना थोडक्या मतांनी पडले.

"एवढ्यानंही काही झालं नसतं हो," वहिनी म्हणाल्या. "पण निकालाच्या दिवशी हे गावाला गेले. घरात माणसं सुतक लागल्यासारखी बसलेली. आणि ह्यांनी चपला काढता काढता नानांना काय म्हणावं? 'बघ नाना, बरोबर आलं का नाय!'"

मी कपाळावर हात मारला.

"नाना एवढंच म्हणाले, 'जाय इथून.' हे गेले ते गेलेच."

त्याच प्रबंधावर सर डॉक्टर झाले, त्याच्यावरच आमच्या कॉलेजात लागले, आणि नऊ वर्षं एकच म्हणत आले की मी नानाला पाडलं नाही, जे दिसत होतं ते सांगितलं. मजा अशी की शोभावहिनी आणि त्यांची जाऊ ह्या नऊ वर्षांत रोज दुपारी फोनवर बोलत होत्या. राजकारणी कोणाला फोन करतो हे ओळखणाऱ्या माणसाला स्वतःच्या स्वयंपाकघरातला फोन सापडला नाही.

ऋतुजानं पत्रिकेचं प्रूफ बापापुढं धरलं. "पप्पा, मशीनला कळलं. तुम्हाला कधी कळणार? नाना येणार नसतील तर ही पत्रिका छापायची नाही. मी कोर्टात सही करून मोकळी होईन." ही मुलगी बोलते ते करते. सर दुसऱ्या दिवशी डबा न उघडता माझ्यासमोर बसले.

"मॅडम, मी काय चुकीचं सांगितलं होतं? पडलाच ना तो?"

मला चांगलंच टोचायचं होतं आणि मी टोचलं. "सर, तुमच्या त्या चित्रात एक ठिपका राहिला."

"कोणता? मी घरोघर फिरलोय. तान्ही पोरंसुद्धा सोडली नाहीत."

"तुमचा."

ते न उघडलेला डबा पिशवीत घालून उठून गेले. दोन दिवस कॉलेजात आले नाहीत. फ्लेक्सवरचे साहेब दोन दिवस कुणी न मोजता उभे राहिले.

तिसऱ्या दिवशी आले ते हातात एक कागद घेऊन. दाढी वाढलेली, शर्टाचं बटण वरखाली. त्यांनी कागद माझ्या टेबलावर पसरला. तेच जुनं गाव होतं, आणि एका कडेला लाल शाईचा नवा ठिपका. त्यातून रेघा निघाल्या होत्या. वार्ताहराकडं, कटिंगच्या दुकानाकडं, पिठाच्या गिरणीकडं, जिथं जिथं तो पेपर वाचला गेला तिथं तिथं.

"मला धरलं की निकाल फिरतो, मॅडम," ते म्हणाले. "मी बोललोच नसतो तर तो येत होता. नाना माझ्यामुळं पडला."

हे त्यांच्या गावातल्या शेरड्यांनासुद्धा नऊ वर्षांपूर्वी कळलं होतं, असं मी म्हणणार होते. पण त्यांचा चेहरा पाहिला आणि मला ते बोलवेना. चूक कबूल करायला लोक देवळात जातात, दारू पितात, कुणाच्या तरी गळ्यात पडतात. ह्या माणसानं दोन दिवस बसून आपली चूक मोजून काढली होती. मला त्यांची फार कीव आली, आणि थोडा आदरही वाटला.

पत्रिका घेऊन गावाला जायचं ठरलं. वहिनींनी मला सोबत ओढलं. "हे एकटे गेले तर भाषण देतील. मी बोलायला लागले तर नुसती रडेन. तुम्ही चला. तुम्ही ह्यांना गप्प करू शकता." माझ्या स्वभावाचं इतकं उघड कौतुक प्रथमच झालं. रविवारी माझ्या गाडीनं आम्ही निघालो. हर्सूल मागं पडलं तेव्हा वहिनींनी सरांच्या मांडीवरचा लॅपटॉप काढून डिकीत टाकला.

नाना अंगणात पोत्यावर बसून अद्रकीच्या गड्ड्यांची माती झाडत होते. सरांचंच नाक, सरांचेच कान, फक्त उन्हात जास्त राहिलेले. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि पुढचा गड्डा उचलला. जाऊबाई दारात आल्या, वहिनींना मिठीत घेऊन आत गेल्या आणि आतून लगेच रडण्याचे आवाज यायला लागले. बाहेर आम्ही तिघं. कडेला एक बाज होती, तिच्यावर मी बसले. सर उभेच.

"नाना, ऋतुजाचं लगीन हाय," सर म्हणाले. सहा वर्षांत त्यांच्या तोंडून अशी भाषा मी ऐकली नव्हती.

"कळलं."

सरांनी खिशातून तो कागद काढला, उलगडून नानांच्या पुढं मातीतच ठेवला आणि उकिडवे बसले. "हे बघ. ह्यात तवा मी नव्हतो. आता टाकलाय. हे जे लाल दिसतंय ना, तिथून ह्या रेघा..."

मी खाकरले. सर थांबले.

"मला काय समजतंय त्यातलं?" नाना कागदाकडं न पाहता म्हणाले. "त्वांडानं सांग."

तासन्‌तास बोलणारा हा माणूस. मी त्याला बोलता येत नसल्याचं पहिल्यांदा पाहत होते. अंगणात एक कोंबडी फिरत होती, तिला ते पाहत बसले. शेवटी खाली मान घालून म्हणाले, "माझं चुकलं, नाना."

नानांनी चार गड्डे झाडले. मग विचारलं, "मत टाकाया आलता का तवा?"

"आलतो. दुपारच्या पारी."

"कोणाला टाकलं?"

"तुलाच."

"म्या पडणार हे म्हाईत असून?"

"व्हय."

नानांचा हात थांबला. "म्या निवडून यावं असं वाटत व्हतं का तुला?"

"लई वाटत व्हतं."

"मंग ते कामून नाय सांगितलं पेपरात?"

सरांनी खूप विचार केला. खरं उत्तर शोधताना त्यांच्या कपाळावर आठी पडते, ती पडली. "त्यानं ते विचारलंच नाय," ते म्हणाले.

मला हसू आवरेना म्हणून मी पदर तोंडाला लावला, आणि मग कळलं की मला हसू येत नाहीये. नानांनी हातातला गड्डा बाजूला ठेवला. चिडलेत की काय ते मला ओळखता येईना.

"पत्रिका ठिव तिथं," ते म्हणाले आणि उठून गोठ्याकडं गेले. पुन्हा आले नाहीत. येतो म्हणाले नाहीत, येत नाही म्हणाले नाहीत. आम्हाला जाऊबाईंनी चहा दिला, तो पिऊन आम्ही निघालो.

परतताना फुलंब्री आल्यावर सरांनी विचारलं, "येईल का हो, मॅडम?"

"तुमचं मशीन काय म्हणतं?"

"विचारलं नाही," ते म्हणाले. "ह्याचं नाही विचारायचं." आणि शहर येईपर्यंत काचेबाहेर पाहत बसले. हर्सूलच्या कोपऱ्यावर एक नवाकोरा फ्लेक्स लागला होता, तिकडंही त्यांचं लक्ष गेलं नाही.

पत्रिका मशीननं सांगितली तशीच छापली. नानांचं नाव सगळ्यात वर. हळदीला गावाकडून कुणी आलं नाही. जाऊबाईंचा फोन लागेना. ऋतुजा कुणाशी बोलत नव्हती, आणि सर मंडपात ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत उगीचच खुर्च्या सरळ करत फिरत होते.

लग्नाच्या दिवशी वहिनींनी मला रुखवत मांडायला लवकर बोलावलं होतं. सकाळी साडेसातला मी बीड बायपासवरच्या मंगल कार्यालयात पोचले. मंडप रिकामा होता. मागच्या बाजूला मात्र कुणीतरी आचाऱ्याला फैलावर घेत होतं.

"ह्याला वरण म्हनत्यात व्हय? माझ्या पोरीच्या लग्नात असलं पाणी वाढतू का?"

मी डोकावले. नाना होते. पांढरा शर्ट, बाह्या वर सारलेल्या, खांद्यावर कोरं उपरणं. बाजूला टेम्पो उभा, आणि गावाकडची सात-आठ माणसं कांद्या-कोथिंबिरीला भिडलेली. ते सगळे सहालाच आले होते.

खांबाच्या आडोशाला तुपे सर उभे होते. अंगात नवं जाकीट. हातात वही नाही, मोबाईल नाही.

"कधीपासून उभे आहात?"

"टेम्पो आला तवापासून."

"मग पुढं जा ना!"

"जातो. जरा बघू द्या, मॅडम," ते म्हणाले. डोळे काठोकाठ भरले होते. माझ्याकडं ह्या प्रसंगासाठी एक झणझणीत वाक्य तयार होतं. ते मी गिळलं.

तेवढ्यात वरणाचं मोठं पातेलं भट्टीवरून उतरवायची वेळ झाली. नानांनी एका बाजूची कडी धरली आणि दुसऱ्या बाजूला कोणी आहे का म्हणून मान वळवली. खांबाआडचं नवं जाकीट त्यांना दिसलं.

"आरं ए रंग्या! बघत काय हुबा ऱ्हायलास? धर की तिकडून!"

सर धावले. धावता धावता एका बादलीला अडखळले.

"फडकं घे, भाजंल," नाना ओरडले.

सरांनी फडकं घेतलं, कडी धरली, आणि दोघे भाऊ ते पातेलं घेऊन मंडपाकडं निघाले. सरांना असल्या कामाची सवय कुठली? दहा पावलांवर पातेलं कललं. ओंजळभर वरण जाकिटावर आलं, शिंतोडे नानांच्या पायावर. नानांनी त्यांना सगळ्या गावादेखत अशी एक शिवी हासडली की कांदे कापणारी माणसं हसायला लागली. तुपे सर रडत होते. डोळे पुसायला हात मोकळा नव्हता, म्हणून ते तसेच पातेलं धरून नानांच्या पावलाबरोबर पाऊल टाकत चालत राहिले.